नदीवरची शिफ्ट

कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून हात जोडायच्या आत खाली उतरला, भाताला चोच लावली आणि गेला. लोक म्हणाले, समाधानी गेली बाई. गुरुजींनाही बरं वाटलं, त्यांना पुढं आणखी एका ठिकाणी जायचं होतं. मला मात्र कुठं तोंड लपवावं कळेना. मागं काही राहिलंच नाही म्हणजे काय? माझ्या द्वारकेनं जन्मात काही मागितलं नाही, तर राहणार कुठून. निदान मेल्यावर तरी तिनं अडून बसायचं होतं. मला उन्हात ताटकळत ठेवायचं होतं. तेवढा तिचा हक्क होता.

थोरला दत्ता, डोकं भादरलेला, ओला पंचा पिळत म्हणाला, "बाबा, चला, गाडी लावलीय." म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी बसतो जरा." त्याला वाटलं, म्हाताऱ्याला एकट्याला रडायचं असेल. रडायचं नव्हतं. जागा ओळखीची निघाली होती.

आता इथं घाट बांधलाय. फरशी आहे, पाइपचा कठडा आहे, पालिकेचा बोर्ड आहे. पण नदी वळते तशीच. पवना इथं वळताना जरा रेंगाळते, पाणी काठाला लागून गोल फिरतं. पूर्वी तळातला गोटा दिसायचा. आता जलपर्णी आहे आणि पाण्याला वास आहे. त्या वासात आमचाही वाटा आहे, ते कशाला नाकारू. वळणावर करंजाची झाडं होती, ओळीनं. ती गेली. सावली मात्र अजून माझ्या डोक्यात बरोबर जागच्या जागी पडते. सकाळी ह्या बाजूला, जेवणानंतर त्या बाजूला.

इथं आम्ही शिफ्ट करत होतो. मशीन नाही, साहेब नाही, नुसती शिफ्ट.

मी मावळातला. शाळा चौथीपर्यंत. मराठी माणसाचं नवं राज्य झालं होतं आणि चिंचवड-पिंपरीच्या माळावर सरकारची माणसं चुन्याच्या रेघा मारत फिरत होती. ज्वारीच्या धसकटात लोखंडी खांब उभे राहत होते. सकाळी त्या माळावरनं चाललं की दोन वास यायचे, एक ओल्या सिमेंटचा आणि एक जळलेल्या कडब्याचा. पुढं पहिला वास राहिला, दुसरा गेला. कधी गेला ते ध्यानात आलं नाही.

आमची कंपनी ऑइल इंजिनं करायची, विहिरीवर बसवायची. मी लेथवर, लोखंड कातायला. लोखंडाचा कीस निळा होऊन वेटोळी घेत निघायचा, गरम, आणि शर्टाच्या बाहीच्या घडीत जाऊन बसायचा. बाकी सगळं इंजिन आम्ही इथं करत होतो, फक्त नोझल परदेशातनं यायचं. बोटाएवढी वस्तू. तिच्यातनं डिझेलचा फवारा उडतो, तेव्हा इंजिन पेटतं. ते नोझल देवदारी खोक्यातनं यायचं, मेणकागदात गुंडाळून, वर भुसा. खोकं फोडलं की सगळ्या शेडमध्ये एक गोड, परका वास पसरायचा. जुने लोक म्हणायचे, हा तिकडच्या जंगलाचा वास. खोक्याच्या फळ्या कामगार घरी न्यायचे. आमच्या चाळीत एकही खोली अशी नव्हती, जिच्यात परदेशी फळीवर मिठाची बरणी नाही.

लग्न त्याच सुमाराला झालं. द्वारका कुरुळीची. तिचे वडील, तात्या, कांदेवाले. चार बिघे जमीन, चाकणच्या बाजारात नाव. मला बघायला आले तर त्यांनी जात-गोत आधी नाही विचारलं. माझा हात धरला, नाकाशी नेला आणि वास घेतला.

"व्हय," म्हणाले, "कंपनीचाच वास हाय."

बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "हे बघा पाव्हणं, तुमास्नी शेती न्हाई. कंपनी हाय म्हणून पोरगी देतोय. कंपनी सुटली तर पोरगी माघारी आणीन. मग राग न्हाई धरायचा."

मी तेव्हा तरणा. म्हणालो, "तात्या, कंपनी कुठं जाती? सिमीटात रोवलीय तिला."

माणसं हसली. तात्या हसले नाहीत. शेतकऱ्याला रोवलेल्या गोष्टींचं जास्त कळतं.

द्वारका आली. पहिल्याच आठवड्यात तिनं माझा खाकी शर्ट धुतला आणि बोट कापून घेतलं, बाहीतल्या किसानं. त्यानंतर तिची पद्धत ठरली. मी घरी आलो की शर्ट काढून घ्यायची. दारात उकिडवं बसून बाह्यांच्या घड्या उलगडायची, डोक्यातल्या आकड्यानं एकेक कीस टिपायची आणि नारळाच्या करवंटीत टाकायची. टिक्, टिक् आवाज यायचा. मग सोड्याच्या पाण्यात शर्ट. मी च्या पीत तो आवाज ऐकायचो. त्यासारखं सुख मला पुढं रेडिओ घेतला तरी मिळालं नाही.

मग लढाई झाली. झाली तिकडं सीमेवर, पण खोकी यायची इथं थांबली. का, ते आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. साहेब म्हणायचे, आयातीचा परवाना दिल्लीत अडकलाय. टाइमकीपर म्हणायचा, परदेशी पैसा सरकारच्या तिजोरीत उरला नाही. माझ्या शेजारच्या लेथवर गायकवाड होता, तो म्हणायचा, "परवाना रेल्वेनं निघालाय, राव. तिकीट न्हाई काढलं म्हणून मधीच उतरवलाय."

चाळीत हे बायकांना आधी कळलं. द्वारका एकदा म्हणाली, "अवं, हल्ली कुणी फळ्या आणत न्हाई." मी म्हणालो, "गप बस, तुला काय कळतंय." कळत होतं तिला.

इंजिनं तयार होत राहिली. शेड भरली, मग अंगण भरलं. नोझलच्या भोकात चिंधी कोंबायची आणि रांगेत ठेवायचं. शेकड्यांनी इंजिनं, तोंडात बोळा घातल्यासारखी गप्प. रात्रीत दव पडून त्यांच्यावर तांबूस गंज चढायचा. आम्ही तो पुसायचो. मग पुसायचंही काम उरलं नाही आणि नोटीस लागली.

काढलं नव्हतं आम्हाला. ले-ऑफ दिला होता. म्हणजे रोज सकाळी भोंग्याला गेटवर यायचं, हजेरी लावायची आणि माघारी फिरायचं. हजेरी लागली तर निम्मा पगार. आत मात्र पाऊल टाकायचं नाही.

आता माघारी म्हणजे कुठं? भोंग्याला गेलेला गडी चहा निवायच्या आत घरी येतो, तो एकतर आजारी असतो नाहीतर हाकललेला. मी घरी सांगितलंच नव्हतं. पगार निम्मा का, तर म्हणालो ओव्हरटाइम बंद झालाय. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. पहिल्या दिवशी हजेरी लावून आम्ही गेटबाहेर घोळक्यानं उभे राहिलो, एकमेकांकडं न बघता. मग कुणीतरी नदीकडं चालायला लागला. बाकीचे मागोमाग. कुणी कुणाला चल म्हणालं नाही.

ही करंजाची सावली आमची शेड झाली. हसू येईल, पण आम्ही तिथंही वेळ पाळायचो. शेजारच्या कंपन्यांचे भोंगे ऐकू यायचे. जेवणाचा भोंगा झाल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही. भूक लागली तरी नाही. भोंगा झाला की सगळे एकदम झाकणं काढायचे आणि करंजाखाली पिठल्याचा, लसणाच्या चटणीचा, सुक्या बोंबलाचा वास घुमायचा. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की उठायचं आणि दुसऱ्या बाजूच्या सावलीत जाऊन बसायचं. तेवढंच काम. गायकवाड सुपरवायझर व्हायचा. कमरेवर हात ठेवून झाडांमधनं फिरायचा.

"ए, तू. झोपतोस काय? जॉब कोण काढणार, तुझा आजा?"

"साहेब, मशीन बिघडलंय."

"मग नदीला लाव हात. ती तरी चालू हाय."

हसायचो. हसून झालं की पाण्याचा आवाज यायचा, आणि लांब कुठंतरी कुणाच्या तरी कंपनीत घण पडायचा तो.

गायकवाडचं घर बौद्ध. माझ्या गावात त्याच्याबरोबर एका पंगतीला कुणी बसलं नसतं, मीही नाही. नदीवर त्याच्या डब्यातली भाजी माझ्या भाकरीवर आली आणि कुणी काही बोललं नाही. पुढं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी गावं जोडून सरकारनं एक शहर केलं, त्याचा मोठा बोलबाला झाला. आम्हाला आधीच जोडलं होतं, शरमेनं.

ह्या नदीवर आमची एक पद्धत पडली, ती सांगतानाही कान तापतात. संध्याकाळी सुटायच्या भोंग्याआधी गायकवाड पिशवीतनं खोकल्याच्या औषधाची बाटली काढायचा. तिच्यात ट्रकवाल्यांकडनं आणलेलं जळकं ऑइल. आम्ही ओळीनं हात पुढं करायचो. तो प्रत्येकाच्या तळव्यावर थेंब थेंब टाकायचा.

"घ्या, कंपनीचं तीर्थ. आमचा देव बदलला, पर कंपनी तीच हाय."

ते तेल नखांत चोळायचं, मनगटाला लावायचं, शर्टाच्या पोटावर एक हात पुसायचा. कुणी कपाळालाही बोट लावायचा, घाम पुसताना लागल्यासारखं. दिवसभर झाडाखाली बसलेली स्वच्छ माणसं संध्याकाळी काळी होऊन घरी जायची.

द्वारका दारात असायची. शर्ट घ्यायची. उकिडवं बसून बाह्यांच्या घड्या उलगडायची. घडीत काही नसायचं. तेल कुठनंही आणता येतं, गरम लोखंडाचा कीस नाही आणता येत, हे आम्हा एवढ्या गड्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ती आकडा घेऊन रिकामी घडी चाचपायची, करवंटीवर झटकायची आणि शर्ट सोड्यात टाकायची. आवाज यायचा नाही. तरी रोज करवंटी पुढं घेऊन बसायची. ती माझ्याकडं बघत नव्हती आणि मी तिच्याकडं नाही. मी च्या पीत भिंतीकडं तोंड करून बसायचो.

ती तेव्हा पोटुशी होती. सहावा सरला होता. थंडीच्या दिवसांत गार पाण्यात, वाकता येत नसताना, मी मुद्दाम मळवलेला शर्ट ती रोज घासत होती. जळक्या ऑइलचा डाग सहज निघत नाही. तिचे हात भेगाळले. मी बघत होतो की.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तात्यांचे निरोप येऊ लागले, पोरीला न्यायला कधी येऊ? मी टाळत होतो. कंपनीत काम फार आहे, पुढच्या पंधरवड्यात या. खरं कारण एकच. निम्मा पगार द्वारकेला ठाऊक होता आणि तिला खोटं बोलता यायचं नाही. कुरुळीत गेली की चार बायका विचारणार आणि हिचा चेहरा सांगून टाकणार. मग तात्या शब्दाचे पक्के. बाळंतपणाला गेलेली बायको तिकडंच राहिली असती आणि माझं पोरही. म्हणून मी दिवस ढकलत होतो आणि तिचं पोट दिवस मोजत होतं.

शेवटी तात्या न सांगता आले. आधी गेले कंपनीच्या गेटवर, जावयाला तिथंच गाठू म्हणून. वॉचमननं सांगितलं, "आत कुणी न्हाई, म्हाताऱ्या. नदीवर बघ." त्याला तरी काय दोष द्यायचा.

सुटायची वेळ. आम्ही रांगेत, हात पुढं केलेले. गायकवाड बाटली कलती करून माझ्या तळव्यावर थेंब टाकतोय आणि समोर करंजाच्या बुंध्याशी तात्या. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"हे कसलं गंध लावताय, पाव्हणं?" म्हणाले.

गायकवाड, ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, तो बाटलीला बूच लावत बसला. बूच बसेना. माझ्या तळव्यावरचं तेल बोटांमधनं खाली ओघळलं आणि धुळीत त्याची काळी गोळी झाली. भोंगा झाला. माणसं एकेक करून निघाली, तात्यांना वळसा घालून गेली. त्या दिवशी पुष्कळजण तसेच स्वच्छ घरी गेले असतील.

मी आणि तात्या चाळीपर्यंत चालत आलो. रस्त्यात ते फक्त कांद्याबद्दल बोलले. ह्या साली कांदा डोळ्याला लागत नाही, पाणी कमी पडलं, असं काहीतरी.

द्वारकेनं बापाला बघितलं, हसली, पाया पडायला वाकता येईना म्हणून नुसता हात लावला. मग माझ्याकडं वळून शर्टासाठी हात पुढं केला. रोजच्यासारखी दारात बसली. घड्या उलगडल्या, आकड्यानं चाचपलं, करवंटीवर झटकलं. तात्या बघत होते. रिकाम्या करवंटीत त्यांनी वाकून बघितलं, तसं बाजारात पोत्यात बघतात.

"च्या घ्या तात्या," ती म्हणाली. "हे बी दमून आल्यात. दिसभर उभं ऱ्हावं लागतं ह्यास्नी."

तात्यांनी च्या घेतला. कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरीला नेतो उद्या. मोकळी झाली की मग बघू."

पाठवतो म्हणाले नाहीत. बघू म्हणाले. तो शब्द मी पुढं तीन-चार महिने चघळला.

ती गेली आणि खोलीतला आवाज गेला. चुलीचा धूर, कांदा चिरल्याचा वास, तिच्या बांगड्या. मी स्वतः भाकरी थापायला लागलो, जाडी, कडेला कच्ची. नदीवर डब्यात तीच. आणि एक सांगतो, ज्याचं मलाच नवल वाटतं. घरात फसवायला कुणी उरलं नव्हतं, तरी मी संध्याकाळी तेल लावत होतो. रात्री स्वतःच शर्ट घासत होतो. तेव्हा कळलं तो डाग किती जोरानं घासावा लागतो ते.

मुलगा झाल्याचं कांद्याच्या गाडीवाल्यानं सांगितलं. बारशाला मी गेलो नाही. ड्यूटी आहे म्हणून निरोप धाडला. कुठल्या तोंडानं जाणार होतो? मग तिकडनं निरोप येईना. थंडी सरली, करंजाला नवी पालवी आली, फुलांचा सडा डब्यांवर पडायला लागला. गेट बंदच होतं. शेवटी मीच एका सकाळी हजेरी लावून एसटीनं कुरुळीला गेलो. त्या दिवशी हाताला तेल नव्हतं. मुद्दाम नाही, आदल्या दिवशी गायकवाडची बाटली संपली होती.

तात्यांच्या अंगणात कांदा निवडायचं चाललं होतं. गावातल्या सात-आठ बायका गोल बसलेल्या, पाती कापत होत्या, सगळीकडं टरफलं उडत होती, डोळ्यांत झोंबत होतं. मला बघून त्या पदर ओढून एकमेकींकडं बघायला लागल्या. तात्या म्हणाले, "या. बसा." पाणी दिलं. मग सगळ्यांदेखत, अगदी साध्या आवाजात विचारलं, "काय म्हणती कंपनी?"

"चाललंय" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. तेवढ्यात दारातनं द्वारका बोलली. छातीशी पोर, हातात बांधलेलं गाठोडं, डोईवर पदर, बाळंतिणीचं फिकट तोंड.

"कंपनी बंद हाय, तात्या. दसऱ्याच्या आधीपासनं. तुमास्नी ठावं हाय, मला ठावं हाय, हितं ह्या समद्यांस्नी ठावं हाय. ह्यांस्नी एकट्यांस्नीच वाटतंय की कुणाला ठावं न्हाई."

बायका हसल्या. एकीनं तर कांदा टाकून तोंडाला पदर लावला. मी जमिनीवरची टरफलं बघत होतो. लाल टरफलं, पातळ, वाऱ्यानं पायाशी येऊन चिकटणारी. ती मला आज मोजून दाखवता येतील.

तात्या म्हणाले, "मग जातीस कशाला?"

"मी कंपनीत नांदाया गेले न्हवते."

विळ्यांचा आवाज थांबला. तात्यांनी हातातला कांदा फिरवून फिरवून बघितला. बाजारात त्यांना कुणी भावात हरवलं की ते असंच करायचे म्हणे. मग म्हणाले, "एक पिशवी भर कांद्यानं. मोठा घे, हलका नगं घेऊ." आणि घोंगडं उचलून रानात गेले.

एसटीत ती खिडकीशी बसली, पोराला वारा लागू नये म्हणून पदर धरून. भोसरी आली तेव्हा म्हणाली, "उद्यापासनं हजेरी लावली की सरळ घरी यायचं. नदीवर जेवायचं न्हाई. मला डबं घासायचा कटाळा आलाय."

एवढंच बोलली. डब्याचं कारण काढलं तिनं.

मधलं आता भराभर सांगून टाकतो, त्यात सांगण्यासारखं माझं काही नाही. भोसरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये दोघा भावांनी आपल्याच देशाचं नोझल केलं. बाहेरचं येत नव्हतं म्हणूनच केलं, आलं असतं तर त्यांना कुणी विचारलं नसतं. गेट उघडलं. चिंध्या काढून ती नोझलं बसवली. सुरवातीची फवारा कसला मारतात, नुसती गळायची. शेतकरी बैलगाडीत इंजिन घालून परत आणायचे, गेटवर उभे राहायचे, शिव्या घालायचे, आणि दुरुस्त करून तेच घेऊन जायचे. जाणार कुठं? दुसरं इंजिन देशात येतच नव्हतं. आम्ही आत हसायचो. चालतंय, म्हणायचो. खुराड्याचं दार बंद असलं की कोंबड्याला आपणच उजाडवतो असं वाटतं. उन्हात ताटकळणारी ती माणसं आठवली की आज मला लाज वाटते. माझे तात्या त्यांच्यातलेच होते.

त्या एका शेडच्या शंभर शेड झाल्या. गावं जोडली, पालिका झाली, रस्त्यावर बांबू आडवे टाकून जकात नाके बसले. तात्यांची कांद्याची गाडी नाक्यावर थांबायची. ते म्हणायचे, "जावयाच्या गावात शिरायला सासऱ्याला पावती लागती, हे बरं राज्य." द्वारका हसायची. माझ्या शर्टातनं पुन्हा कीस निघायला लागला, करवंटी वाजायला लागली. ऐंशीनंतर कंपन्यांच्या पाट्यांवर परदेशी नावं पुन्हा दिसायला लागली, तोवर माझे डोळे बारीक कामाला चालेनासे झाले होते. ते सगळं झालं. लोकांनी त्यावर पुस्तकं लिहिली असतील.

पण कुरुळीहून आल्याच्या दुसऱ्या सकाळचं राहिलं.

मी हजेरी लावली. बाकीचे नदीकडं वळले. गायकवाड म्हणाला, "का रे, येत न्हाईस?" म्हटलं, "घरी चाललोय." तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "जा भावा. कुणीतरी जायाच पायजे पयल्यांदा." दोन दिवसांनी तोही गेला, मग एकेक करून सगळे. करंजाखाली नुसती फुलं पडायला लागली. पण त्या सकाळी मी एकटा होतो.

चाळीच्या नळाला पाणी आलेलं. सगळ्या बायका तिथं, हंडे-कळशा रांगेत. मी कोपऱ्यावरनं वळलो आणि बोलणं थांबलं. धुतलेला शर्ट, स्वच्छ हात, बगलेत न उघडलेला डबा, आणि ऊन अजून कौलांवर चढलेलं नाही. पाणी हंड्यात पडत होतं त्याचाच काय तो आवाज. प्रत्येकीचा नवरा त्या वेळी नदीकडं चालला होता आणि प्रत्येकीला ते माहीत होतं. मला वाटलं मागं फिरावं. पाय तसे वळलेही होते.

रांगेत पुढं द्वारका होती. तिचा हंडा भरला होता. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आलात? बरं झालं. ह्यो हंडा घ्या, मला वझं उचलायचं न्हाई अजून."

चाळीत गड्यानं पाणी भरलेलं कुणी बघितलं नव्हतं. मी हंडा खांद्यावर घेतला. कुणीतरी खुदकन हसलं, मग कुणीतरी तिला गप्प केलं. पाणी हिंदकळून माझ्या मानेवरनं पाठीत उतरलं, गार. मी खाली मान घालून चाललो. फरशीच्या फटी, कुणाचा तरी पोपडे गेलेला उंबरा, एक वाळलेली करंजाची शेंग, सगळं मला दिसलं. मागं ती येत होती. कळशी घेतलेल्या बाईची चाल ओळखू येते.

नळापासून खोलीपर्यंत मी एकदाही वर बघितलं नाही. खोलीत शिरल्यावर ती चुलीकडं तोंड करून बसली, आणि मग रोजचं सुरू झालं.

आता घरात तिचा फोटो लावलाय, दत्ताच्या लग्नातला. लोक येतात, हात जोडतात, म्हणतात चेहरा किती शांत आहे. तो चेहरा सगळ्यांनी बघितलेला. मी इथं बसून आठवतोय तो त्या सकाळचा, हंडा माझ्या खांद्यावर दिल्यानंतरचा, साऱ्या चाळीपुढं माझ्यामागनं चालताना तिचा जो असेल तो. हसत होती का, रडत होती का, की नुसती पुढं बघत होती. त्या नळावरच्या बायकांनी बघितला असेल. त्याही आता कुणी राहिल्या नाहीत.

मी फरशी बघत होतो.